रुळांवरची दोरी

९ जानेवारी

धाकटीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. पण आत्ता माझं डोकं तापलेलं आहे, तेव्हा आशीर्वाद बाकी ठेवते. राग उतरला की मागाहून लिहीन. उतरला तर.

हे पत्र पोस्टाने येईल. आपण समोरासमोर राहतो, तुझ्या कुंडीतलं पान पिवळं पडलं तरी मला माझ्या गॅलरीतून दिसतं, आणि तरी मी पाकिटाला तिकीट लावतेय. चिठ्ठी दोरीला चिमट्याने अडकवली असती तर डोळ्यांदेखत पोचली असती. पण ते बोलणं झालं असतं, आणि मी तुझ्याशी बोलत नाही. पोस्टाचं वेगळं आहे. पोस्टाने माणसं वीज कंपनीलाही लिहितात.

तेव्हा कामाचं तेवढं लिहिते. पालिकेची नोटीस तुलाही आली असेल. आपल्या दोघींच्या घरांमधला, दोन्हीकडून भिंत घातलेला रेल्वेमार्ग, ज्यावर आपली लग्नं झाल्यापासून एक मालगाडीसुद्धा गेली नाही, तो आता उखडणार आणि तिथे लोकांना चालायला आणि सायकली फिरवायला रस्ता करणार. करा बापडे. माझं काही म्हणणं नव्हतं. रुळांवर उंदीर नांदतात त्यापेक्षा माणसं फिरलेली बरी. पण दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक कलम आहे, ते तू वाचलंस का? रस्त्यावरून आडवं काहीही जाता कामा नये. तारा नको, फलक नको, "वाळत घातलेले कपडे, दोऱ्या वगैरे" नको.

वगैरे. बाबांनी गाड्या थांबल्या त्याच वर्षी दोन्ही गॅलऱ्यांना ताटासारखी आडवी चाकं बसवली, त्यांवरून दोरीचा फेरा घातला, आणि त्यावर या शहरातलं निम्मं रंगवलेलं कापड वाळलं. ती या लोकांना वगैरे.

त्यांनी एक रंगीत पुस्तिकाही वाटली आहे. त्यात आपल्या दोन घरांचा फोटो आहे, मधून रस्ता काढून दाखवलाय, त्यावर एक बाई कुत्र्याला फिरवतेय आणि एक बाप मुलीला सायकल शिकवतोय. वर नुसतं स्वच्छ आभाळ. दोरी पुसून टाकली आहे. माझं लाल कापड नाही, तुझं निळं नाही. मी भिंग घेऊन पाहिलं, चाकं तेवढी राहिली आहेत. त्यांना वाटलं असेल, शोभेची आहेत.

पुढच्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. मी हरकत घेणार. तू पण घे. दोरी दोघींची आहे. मी माझं कापड बाहेर ढकललं की पलीकडच्या पदराने तुझंही बाहेर जातं, आणि आभाळ भरून आलं की जिची नजर आधी जाईल तिने ओढायचं, दोघींचं कापड आत. एकटीचं आत घेता येतच नाही. ही सोय बाबांनी मुद्दाम केली होती की त्यांना दुसरं जमलं नाही, देव जाणे. पण इतकी वर्षं अबोला धरूनसुद्धा आपल्या दोघींचं एकही कापड भिजलेलं नाही, हे त्या हॉलमध्ये कुणीतरी सांगायला हवं.

तुझी ताई


२१ जानेवारी

धाकटे,

आज मायना वगैरे काही नाही. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

मी उभी राहिले, बोलले, तू ऐकलंस. सगळ्या हॉलने ऐकलं. "माझं कापड मी कुठे वाळवू," एवढंच विचारलं. त्यावर तो मंचावरचा साहेब काय म्हणाला? "आजी, हल्ली वाळवायची मशीनं मिळतात." आजी! माझ्याच वयाचा असेल, केस काळे करतो, आणि तेही धड नाहीत, कानामागे जांभळी झाक मारत होती. मी रंगारी आहे, मला दिसतं. हातभर लांबीचे रुमाल नाहीत माझे, म्हटलं, तागेच्या तागे असतात, मशिनीत घातली तर मशीन रडेल. लोक हसले. मला वाटलं, चला, सभा आपल्या बाजूने वळली.

मग त्याने विचारलं, रस्ता कुणाकुणाला हवा आहे. आणि पलीकडच्या रांगेत, खिडकीपाशी, तू हात वर केलास.

तू. माझी सख्खी बहीण. मला आधी वाटलं तू पंखा बंद करायला सांगतेयस.

तुला चारचौघांत माझी मान खाली घालायची हौसच आहे. नाटक कंपनीच्या पडद्याच्या वेळी हेच केलंस. मी तो विषय कधी काढणार नव्हते, पण आता तूच काढायला लावलास. प्रयोग तोंडावर आलेला, पडदा मोठा, एका भट्टीत मावेना, म्हणून अर्धा मी माझ्याकडे रंगवला आणि अर्धा तू तुझ्याकडे. तोपर्यंत तुझ्या घरात आपण नुसतं कापड ठेवत होतो, रंगकाम सगळं माझ्या बाजूला. तीच मंजिष्ठेची लाल मुळी, तीच तुरटी, बाबांच्याच मापाने. आणि रंगमंचावर दोन्ही अर्धे शेजारी लटकले तेव्हा एक लाल आणि दुसरा वीट भाजल्यासारखा. मॅनेजर कपाळाला हात लावून उभा. तू त्याच्यासमोर म्हणालीस, "ताईचा अर्धा भडक झालाय." मी म्हणाले, "हिचा मळलाय, हिने रंगात हात आखडता घेतला." मग बसमध्ये तू दाराबाहेर आणि मी खिडकीबाहेर बघत घरी आलो, तू रुळांवरच्या पुलावरून तिकडे गेलीस आणि मी इकडे वळले. त्यानंतर तू लाल रंगाला हातच लावला नाहीस. निळीचंच काम धरलंस. मी म्हटलं, असू दे, तिचा हट्ट तिला लखलाभ.

पण परवाचा हात मला समजलेला नाही. दोरी गेली तर तुझंही नुकसानच आहे ना? का नाही?

हात उजवा होता. खिडकीचा उजेड त्यावर पडला होता. नखं अगदी स्वच्छ होती. असो.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं अक्षर, आणि ते दोन ओळींचं: "रस्ता होऊ दे, ताई. पूल चढताना माझे गुडघे दुखतात."

बाई गं, तुला पूल चढायला सांगितलंय कुणी? तुझा बाजार तुझ्या बाजूला, दवाखाना तुझ्या बाजूला, बँक तुझ्या बाजूला. या बाजूला तुझं आहे काय? एक मी, आणि माझ्याकडे तर तू येत नाहीस. मग उगाच तो पूल चढायचा आणि गुडघ्याच्या नावाने माझी दोरी कापायची, याला काय म्हणावं?

हे सगळं मी कोपऱ्यावरच्या शिंप्यापाशी बोलले. तुला तो ठाऊकच आहे, आपलं कापड पूर्वी त्याच्याकडे जायचं. तो बटणं लावत होता. त्याने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाला, "येतात की त्या अधूनमधून. इथे बाकावर बसतात. ताई बरी आहे ना, विचारतात, दम खातात आणि परत जातात."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही," म्हणाला.

या शहरातली सगळी माणसं मूग गिळून बसण्यात पटाईत आहेत. माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर येऊन परत जायचं, हा तुझा शहाणपणा मला अजिबात आवडलेला नाही. पूल चढून आलीस तर पुढची चार पावलं काय जड होती? दार मी उघडलं नसतं असं तुला वाटलं असेल, तर ते वाटणं तुझं. मी उघडलं नसतं किंवा उघडलंही असतं. वाजवून बघायचं होतं.

गुडघ्यांना काय लावतेस? फडक्यात गरम मीठ बांधून शेकत जा. आणि हे मी काळजीने लिहीत नाहीये, माहिती म्हणून लिहितेय.

ताई


१८ मार्च

धाकटीस,

रूळ निघाले. तू पाहतच असशील. क्रेनने एकेक उचलला तेव्हा मी गॅलरीत उभी होते आणि तूही तुझ्या. मला वाटलं होतं आवाज होईल. पण गंजलेलं लोखंड फारसं बोलत नाही. रात्री उशिरापर्यंत मला झोप आली नाही, ते मात्र डासांमुळे.

इथे काम बघायला एक इंजिनिअर मुलगी येते. डोक्यावर सदा पिवळी टोपी, म्हणून मी तिला पिवळी टोपीच म्हणते. तिच्याशी भांडायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं की माझ्या गॅलरीखाली बाक बसवणार, आणि माझ्या मागच्या भिंतीवर आगगाडीचं चित्र काढणार. मी म्हटलं, "खरी गाडी होती तेव्हा तिने माझ्या भिंतीला भेगा पाडल्या, आता चित्रातली काढून काय त्या बुजणार आहेत?" तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. चित्र रद्द झालं म्हणे. बाक होणारच.

परवा ती खाली खडीत उकिडवी बसून दगड निवडत होती. मी वरून विचारलं, "काही हरवलं का?" तर म्हणाली, "आजी, इथले दगड लाल कसे?" पुन्हा आजी. पण हिचं मी चालवून घेतलं, हिचं वय तेवढं आहे. मी सांगितलं, वर्षानुवर्षं माझं कापड इथे ठिबकलंय. तुझ्या बाजूचे दगड निळे आहेत, तेही तिने शोधून काढले. मग तिने आणखी एक प्रश्न विचारला, तुझ्या बाजूबद्दल. मी तिला धुडकावून लावलं. तिला काय करायच्यात नसत्या चौकशा.

खरं लिहायचंय ते पुढचं आहे.

काल त्यांनी पाण्याचे नळ बदलायला खणलं. मी पिवळ्या टोपीला म्हटलं, माझं पाणी दोन दिवस तोडाल तर माझी अख्खी भट्टी वाया जाईल. ती म्हणाली, "तुमचं नाही तोडणार. तुमची लाइन वेगळी. तुम्हाला तळ्याचं पाणी येतं. समोरच्या घरांना रेल्वेच्या जुन्या विहिरीचं, पूर्वी इंजिनात भरायचे ना, ते. त्यात लोह फार आहे, आता तेही बदलून तळ्याचंच देणार."

मी कठडा धरला. तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं.

लोह, धाकटे. लोहाच्या पाण्यात मंजिष्ठेचं काय होतं ते तुला आणि मला कुणी शिकवायला नको. लहानपणी बाबांनी लाल रंगाच्या पिंपात गंजका खिळा टाकून दाखवला होता आपल्याला, आठवतं? कसा रंग काळवंडत गेला, आणि तू रडलीस. तुझा अर्धा पडदा मळला तो रंग कमी पडला म्हणून नव्हे. तुझ्या नळाला इंजिनाचं पाणी येत होतं. आणि निळीला लोहाने काही होत नाही, म्हणून तुझं निळं काम चांगलं चाललं, आणि मी इकडे बसून म्हणत राहिले की हट्टी आहे.

या पालिकेला लाज आहे का? एका गल्लीत दोन पाणी देतात आणि कुणाला सांगत नाहीत. एक कागद नाही, एक शब्द नाही. या लोकांनी पुस्तिका छापल्या, कुत्र्यासकट, पण नळाच्या तोंडाशी दोन ओळी लिहायला यांना शाई मिळाली नाही. मी आज पालिकेला पत्र लिहिलंय, चांगलं खरमरीत, आणि माफी मागितली आहे. म्हणजे मागावी असं लिहिलंय. त्यांनी. आपल्या दोघींची.

त्यांनी मागेपर्यंत, या प्रकरणात कुणी कुणाला काय म्हणालं होतं ते धरू नये, असं मला वाटतं. तुला वाटत असेल तर बघ.

ताई


६ एप्रिल

धाकटीस,

ठरलं. दोरी गुरुवारी उतरवायची आहे. मी शेवटचं भांडून पाहिलं. पिवळी टोपी म्हणाली, "मला आवडली असती ठेवायला. पण वरून चिमटा सायकलवाल्याच्या डोक्यात पडला तर नोकरी माझी जाईल." कापडाला तिने जागा दिली आहे, पलीकडच्या मालधक्क्याच्या छपराखाली, आणि जागा वाईट नाही. हवा खेळती आहे. मी तिला तसं सांगितलं नाही.

आता कामाचं. दोरीला ताण आहे, बाबांनी चांगली ओढून बसवली आहे. एकीने सोडली तर दुसरीकडचं चाक कठड्यासकट हिसका खाईल. तेव्हा दोघींनी एकाच वेळी सोडायला हवी. पालिकेची माणसं आम्ही करतो म्हणाली. मी नको म्हटलं. बाबांची दोरी आहे, त्यांचा हात लागायला नको.

गुरुवारी सकाळी, ऊन गॅलरीत आलं की. मी हात वर करीन. तुला हात वर करता येतो हे मी पाहिलेलं आहे.

ताई


बुधवार, दोरीवरून

धाकटे,

पोस्टाने हे पत्र वेळेत पोचणार नाही, म्हणून चिमटा लावून पाठवतेय. बोलणं झालं तर झालं.

उद्या दोरी उतरेल, त्याआधी एक गोष्ट लिहायला हवी. नाहीतर उद्या संध्याकाळी तू ओली कापडं घेऊन गॅलरीत उभी राहशील आणि घालायला जागा नसेल, आणि ते मला बघवणार नाही.

पिवळ्या टोपीने मला त्या दिवशी काय विचारलं होतं, सांगते. तुझ्या अर्ध्या बाजूला खडीत गवत उगवलंय. माझ्या बाजूला नाही, रंगाचं पाणी पडतं तिथे गवत धरत नाही. ती म्हणाली, "समोरच्यांनी रंगकाम कधी बंद केलं?" मी तिला म्हटलं, "बंद कशाला करेल? रोज कापड घालते, डोळे फुटले का तुझे?" पोरगी खोटी पडली. ती खरं बोलत होती आणि मी खोटं.

मला ते गवत दिसायच्या आधीपासून माहीत आहे. अगं, मी रंगारी आहे. तुझ्या कापडातून निळं पाणी ठिबकायचं थांबलं आणि साधं पाणी ठिबकायला लागलं, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. म्हटलं, खळबळून घातलं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तीच कापडं त्याच क्रमाने यायला लागली, एकाच्या कोपऱ्याला चिमट्याने फाटलेलं, ते फाटकं मी रोज मोजल्यासारखं बघते. निळा रंग मागच्या उन्हाळ्यात आकाशी झाला आणि आता तर धुतलेल्या पाटीसारखा दिसतो. तू काम सोडलंस. का सोडलंस, हात की डोळे की गिऱ्हाईक, ते मला ठाऊक नाही, आणि ते मला ठाऊक नसावं याचा मला या रस्त्यापेक्षाही जास्त राग आहे. पण काम सोडूनही तू रोज सकाळी तीच विटकी कापडं नळाखाली भिजवतेस, आणून घालतेस आणि संध्याकाळी काढतेस. दोरी ओढायला बाहेर यायचं दुसरं काही निमित्त नव्हतं तुझ्याकडे.

आणि मी बोलले नाही. कारण मी बोलले असते तर तू घालायची थांबली असतीस.

म्हणून सांगते, माझा या रस्त्याला विरोध होता, आहे आणि राहील. तो बाक मला नको आहे. त्या मंचावरच्या साहेबाला मी विसरणार नाही. पण रस्ता झालाच आहे. रुळांकडेच्या दोन्ही भिंती पाडल्या आहेत, तुझ्या मागच्या दारातून निघालीस तर माझं मागचं दार समोर आहे, मधे पूल नाही, पायरी नाही. गुडघ्यांना काही होणार नाही. दमलीस तर त्या मेल्या बाकावर बस, मी वरून बघते.

उद्या दोरी सोडून झाली की ये. हात हलवत येऊ नको, ती कापडं घेऊन ये, सगळी, फाटकं धरून. वाळवू नको, ओलीच आण. निळीचं पिंप मी आजच लावून ठेवलंय, माझ्या पाण्यात. सकाळपर्यंत तयार होईल. तुला बुडवायला जमत नसेल तर मी बुडवीन, तू शेजारी बसून मला चुकतेय म्हणून सांग.

आशीर्वाद.

ताई